देवमाशाचा दांत आणि संग्राहकाची पारख

एक वीत लांबीचा, मुळाशीं जाड व टोंकाकडे निमुळता होत गेलेला, जुन्या लोण्याच्या रंगाचा एक दांत कांचेच्या पेटींत ठेवलेला असतो. जवळ जाऊन पाहिलें म्हणजे त्याच्यावर बारीक काळ्या रेषांनीं कोरलेलें तीन डोलकाठ्यांचें जहाज दिसतें. जहाजापुढें वल्ह्यांच्या लहान होड्या, आणि होड्यांच्या मध्यें पाण्याचा फवारा उडविणारा देवमासा. हें चित्र कोणा नामांकित चित्रकाराचें नव्हे. तें काढणाऱ्या खलाशाला रेखनकलेचें शिक्षण मिळालेलें नव्हतें, आणि पुष्कळदां तर त्याचें नांवही आज कोणास ठाऊक नसतें. तथापि असा एखादा अस्सल दांत अमेरिकेंत लिलांवास निघाला, कीं त्याच्यासाठीं हजारों, प्रसंगीं लाखों डॉलर मोजणारे लोक पुढें येतात. तिकिटें, नाणीं, ताम्रपट, जुनीं हत्यारें यांचे संग्रह श्रोत्यांच्या परिचयाचे आहेत. परंतु देवमाशांच्या शिकारीचीं आणि त्याबरोबरच जुन्या नौकानयनाचीं स्मृतिचिन्हें जमविण्याचा हा छंद पुष्कळांस नवा वाटेल. हा छंद कसा निर्माण झाला, त्यांतील खरें कसें ओळखावें, आणि एका प्राण्याच्या संहारांतून मागें उरलेल्या ह्या वस्तु जपून ठेवण्यांत अर्थ तो कोणता, हे तिन्ही प्रश्न विचार करण्याजोगे आहेत. कारण त्यांचीं उत्तरें शेवटीं एकाच ठिकाणीं येऊन मिळतात.

देवमाशाला मासा म्हणण्याची रूढि असली, तरी तो वस्तुतः सस्तन प्राणी आहे. त्याच्या कातडीखालीं चरबीचा जाड थर असतो, आणि ह्या चरबीनेंच त्याच्यावर संकट ओढवलें. ज्या काळीं घासलेटाचा दिवा जगास ठाऊक नव्हता, त्या काळीं युरोप-अमेरिकेंतील रस्ते, दीपगृहें व घरें उजळण्यासाठीं देवमाशाची चरबी कढवून काढलेलें तेल वापरीत. गिरण्यांच्या यंत्रांना वंगण म्हणूनही तें लागे. स्पर्म नांवाच्या जातीच्या प्रचंड डोक्यांत मेणासारखा एक पदार्थ असतो; त्याच्या मेणबत्त्या फारसा धूर न करतां स्वच्छ जळत, म्हणून श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत त्यांना मान असे. दुसऱ्या कांहीं जातींच्या तोंडांत दांतांऐवजीं लवचिक पट्ट्यांची झालर असते. तिच्या कांबी स्त्रियांच्या घट्ट चोळ्यांत व छत्र्यांत बसवीत. सारांश, दिवा, यंत्र आणि वेषभूषा ह्या तिहींची गरज भागविण्यासाठीं माणूस ह्या प्राण्याच्या मागें लागला.

ह्या धंद्याचें जगांतील मुख्य केंद्र प्रथम मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील नॅन्टकेट हें लहानसें बेट होतें. पुढें जहाजें मोठीं झालीं, बेटाच्या बंदराच्या तोंडाशीं असलेला वाळूचा बांध त्यांना अडवूं लागला, आणि तें स्थान समोरच्या किनाऱ्यावरील न्यू बेडफर्ड शहराकडे गेलें. १८५७ सालीं एकट्या न्यू बेडफर्डचीं ३२९ जहाजें ह्या शिकारीवर होतीं. हर्मन मेल्व्हिल हा तरुण १८४१ च्या जानेवारींत ‘अकुश्नेट’ ह्या जहाजावर खलाशी म्हणून निघाला तो ह्याच बंदराच्या पलीकडल्या कांठावरून. दहा वर्षांनीं, १८५१ सालीं, त्याची ‘मोबी डिक’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यांतील जहाज बुडविणारा देवमासा ही निव्वळ कविकल्पना नव्हती. १८२० च्या नोव्हेंबर महिन्यांत नॅन्टकेटचें ‘एसेक्स’ हें जहाज पॅसिफिक महासागरांत एका स्पर्म देवमाशानें धडक देऊन खरोखरच बुडविलें होतें.

शिकारीची एक सफर तीन-तीन, चार-चार वर्षें चाले. खलाशाला ठरलेला पगार नसे. सफर संपल्यावर जो माल हातीं येई त्याचा ठराविक हिस्सा त्याला मिळे. कप्तानाचा हिस्सा साधारणतः बारा ते अठरा भागांत एक, तर नवशिक्या खलाशाचा दीडशें-दोनशें भागांत एक. शिवाय वाटेंत घेतलेल्या कपड्यांची व तंबाखूची किंमत त्यांतून वजा होई, आणि मग चार वर्षें समुद्रावर काढलेला मनुष्य कधीं कधीं जवळजवळ रिकाम्या हातानें घरीं परते. जहाजावर न्यू इंग्लंडचे शेतकऱ्यांचे मुलगे असत, गुलामगिरींतून सुटून आलेले कृष्णवर्णी असत, अमेरिकेचे मूळ रहिवासी असत, तसेच अझोर्स, केप व्हर्ड व पॅसिफिकच्या बेटांवरील लोकही असत. देवमासा दिसला म्हणजे जिवाची बाजी, मारला म्हणजे रात्रंदिवस चरबी कढविण्याचें काम. पण न दिसला तर आठवडेच्या आठवडे कांहींच नाहीं. ह्या रिकाम्या वेळांतच ज्या हस्तकलेला ‘स्क्रिमशॉ’ म्हणतात तिचा जन्म झाला.

स्पर्म देवमाशाचे कामाचे दांत खालच्या जबड्यांत असतात. प्रत्येक बाजूस वीस-पंचवीस. तेल आणि मेण हें मालकाचें, पण दांतांना बाजारांत फारशी किंमत नसल्यामुळें ते खलाशांच्या वांट्यास येत. कच्चा दांत खडबडीत असतो. तो चाकूनें तासून, मुशीच्या खरखरीत कातडीनें घासून गुळगुळीत करावयाचा. मग शीड शिवण्याच्या सुईनें किंवा खिशांतील चाकूच्या टोंकानें त्याच्यावर रेषा ओढावयाच्या. आणि शेवटीं दिव्याची काजळी रेषांत भरून वरचें पुसून टाकावयाचें. चित्र काढतां न येणाऱ्याचीही एक युक्ति असे. मासिकांतील छापील चित्राचा कागद दांतावर चिकटवून त्याच्या कडेनें सुईचीं छिद्रें पाडीत, आणि कागद काढल्यावर तीं छिद्रें जोडीत. म्हणूनच भर समुद्रांत केलेल्या ह्या दांतांवर फ्याशनेबल पोषाखांतल्या स्त्रियांचीं चित्रें वारंवार आढळतात.

दांतांखेरीज जबड्याच्या हाडाचे नाना जिन्नसही हे लोक बनवीत. आपल्याकडील करंजीच्या कातण्यासारखीं, पिठाची कडा कापण्याचीं नक्षीदार चक्रें. सुताची लड गुंडाळण्याचे घडीचे फिरते सांगाडे. चोळींत घालावयाच्या कोरीव पट्ट्या. हातांतील काठ्या, सुयांचीं घरें, शिवणाच्या पेट्या. बहुतेक वस्तु आईसाठीं, बायकोसाठीं किंवा वाग्दत्त वधूसाठीं केलेल्या असत. विकण्यासाठीं फारच थोड्या. कारागिरांपैकीं ज्यांचीं नांवें निश्चित ठाऊक आहेत असे अगदीं मोजके. नॅन्टकेटचा एडवर्ड बर्डेट हा त्यांपैकीं एक जुना. दुसरा फ्रेडरिक मायरिक. यानें ‘सुसान’ नांवाच्या जहाजावर १८२८-२९ च्या सुमारास कोरलेले दांत ‘सुसानचे दांत’ ह्या नांवानेंच संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. त्यानें आपलें नांव, जहाज आणि तारीख स्वच्छ कोरून ठेविली, हीच त्याची मोठी पुण्याई म्हणावयाची. कारण त्या तीन गोष्टींमुळें त्याचें काम आज ओळखतां येतें.

खलाशांच्या हस्तकलेइतकाच संग्राहकांना प्रिय असा दुसरा वर्ग शिकारीच्या हत्यारांचा. हार्पून नांवाच्या भाल्यानें देवमासा मरत नसे. त्याच्या अंगांत रुतून बसून दोरानें होडी त्याच्याशीं जखडणें एवढेंच त्याचें काम. मारण्यासाठीं वेगळा लांब भाला असे. जुन्या हार्पूनचें पातें जनावर ओढूं लागलें कीं निसटून येई. न्यू बेडफर्डमधील लुईस टेंपल ह्या लोहारानें १८४८ सालीं ह्यावर उपाय काढला. त्यानें पात्याला एक खीळ देऊन तें असें बसविलें, कीं आंत शिरल्यावर ताण बसतांच तें आडवें व्हावें. टेंपल हा व्हर्जिनियांत गुलामगिरींत जन्मलेला कृष्णवर्णी मनुष्य. त्याच्या हार्पूननें साऱ्या धंद्याची रीत बदलली. परंतु त्यानें पेटंट घेतलें नाहीं, आणि कांहीं वर्षांतच तो वारला. अशा हार्पूनांवर पुष्कळदां जहाजाचीं आद्याक्षरें ठोकलेलीं असतात. देवमाशाच्या जोरानें दांडा पिळवटून वेटाळें झालेलें एखादें हार्पून मिळालें, तर संग्राहक तें सरळ व निर्दोष हार्पूनाहून अधिक मोलाचें मानतो. असें कां, हें ज्याला समजलें त्याला ह्या छंदाचें मर्म समजलें. सरळ हार्पून हें दुकानांतून आलेलें असूं शकेल. वाकलेलें हार्पून समुद्रावर जाऊन आलेलें असतें.

धंदा ज्या वेगानें वाढला त्याच वेगानें तो ओसरला. १८५९ सालीं पेनसिल्व्हेनियांतील टायटसव्हिल येथें खनिज तेलाची विहीर लागली आणि स्वस्त घासलेट घरोघर जाऊं लागलें. १८६१ सालीं अमेरिकन यादवी युद्धांत, शत्रूचें चार्ल्सटन बंदर अडविण्यासाठीं उत्तरेच्या सरकारनें जुनीं शिकारी जहाजें विकत घेतलीं, त्यांत दगड भरले आणि तीं बंदराच्या तोंडाशीं बुडविलीं. १८७१ सालीं उत्तर ध्रुवाकडील बर्फांत तेहतीस जहाजें अडकून टाकून द्यावीं लागलीं. त्यांवरील बाराशेंहून अधिक माणसें मात्र सुखरूप परतलीं, हें आश्चर्यच. १९२४ च्या ऑगस्टमध्यें ‘वाँडरर’ हें जहाज न्यू बेडफर्डहून निघतांच वादळांत सांपडून खडकांवर आपटलें, आणि शिडांच्या जहाजांचा तो जुना धंदा जवळजवळ संपला.

धंदा संपला म्हणजे त्याचीं साधनें अडगळ होतात, आणि अडगळ झालेली वस्तु एक तर मोडींत जाते किंवा संग्राहकाच्या दृष्टीस पडते. न्यू बेडफर्डच्या नागरिकांनीं १९०३ सालीं एक इतिहास-मंडळ स्थापिलें. त्याच्याच संग्रहालयांत १९१६ सालीं ‘लगोडा’ ह्या जहाजाची मूळ आकाराच्या निम्मी अशी प्रचंड प्रतिकृति उभारली गेली. नॅन्टकेटचें संग्रहालय १९३० सालीं उघडलें, तें देवमाशाच्या मेणाच्या मेणबत्त्या करण्याच्या जुन्या कारखान्यांतच. परंतु ह्या संस्थांच्या आधीं व त्यांच्या बरोबरीनें काम केलें तें खासगी व्यक्तींनीं. हेन्री केंडॉल ह्या कारखानदाराच्या संग्रहांतून शॅरन गांवीं एक संग्रहालय उभें राहिलें, आणि २००१ सालीं तें न्यू बेडफर्डच्या संग्रहालयांत विलीन झालें. पॉल निकल्सन यानें शिकारी जहाजांचे रोजनामे जमविले, आणि ते पुढें प्रॉव्हिडन्स शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयास मिळाले. सर्वसामान्य लोकांत ह्या छंदाचें वेड पसरलें तें मात्र १९६० नंतर. अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या मेजावर असे दांत ठेवलेले असत. १९६३ सालीं त्यांना मूठमाती देण्यांत आली, तेव्हां पत्नीनें भेट दिलेला एक कोरीव दांत त्यांच्याबरोबर ठेवण्यांत आला होता.

वस्तूला मागणी आली कीं तिची नक्कल मागोमाग येते. राळेसारख्या कृत्रिम द्रव्याचा रस साच्यांत ओतून केलेले ‘दांत’ हजारोंनीं बाजारांत आले. मूळ हेतु शोभेच्या वस्तूचा. पण हातोहात फिरतां फिरतां त्यांतले कित्येक ‘आजोबांच्या पेटींत सांपडलेले’ दांत बनले. केंडॉल संग्रहालयानें तर अशा प्लॅस्टिकच्या नकलांची एक यादीच छापून काढली. त्यांची ओळख फारशी अवघड नाहीं. साच्यांतून निघालेल्या वस्तूचें जुळें भावंड कोठें तरी असतेंच. तेंच जहाज, तीच तारीख, तोच ओरखडा दुसऱ्या दांतावर दिसला कीं संशय फिटला. भिंगांतून पाहिलें तर त्यांत हवेचे बुडबुडे दिसूं शकतात. खऱ्या दांताच्या मुळाशीं शंकूसारखी पोकळी असते, आणि आडव्या छेदांत एकाभोंवतीं एक असे थर दिसतात. जंबुपार किरणांच्या दिव्याखालीं खरा दांत निळसर-पांढरा उजळतो, नकली बहुधा मंद दिसतो. तापविलेली सुई टोंचून पाहण्याची एक जुनी रीत आहे, पण ती करूं नये. दांत खरा निघाला तर परीक्षा करणाऱ्यानेंच तो बिघडविला असें होतें.

ह्याहून कठीण फसवणूक निराळीच आहे. तींत दांत खरा असतो आणि चित्र खोटें असतें. यंत्रचलित जहाजें व स्फोटक हार्पून हातीं आल्यावर विसाव्या शतकांत जगभर सुमारें २९ लाख देवमासे मारले गेले. शिडांच्या जहाजांनीं दोन शतकांत जें केलें त्याहून हा संहार कितीतरी भयंकर होता. ह्या नव्या शिकारीचे दांतही बाजारांत आले, आणि त्यांच्यावर ‘१८३०’ अशी तारीख कोरणें एखाद्या कुशल हाताला जड नव्हतें. येथें दिवा उपयोगीं पडत नाहीं, कारण दांत दांतच असतो. येथें पाहावें लागतें तें रेषेकडे: पोलादी सुईची रेष कीं विजेच्या फिरत्या टोंचणीची, जहाजाच्या दोऱ्या जेथें असावयास पाहिजेत तेथें आहेत कीं नाहींत, अक्षरांचें वळण त्या काळाचें आहे काय. दोऱ्यांवर जन्म काढलेला खलाशी त्या चुकीच्या ठिकाणीं काढीत नसे. नकलाकार मात्र तेथें हमखास चुकतो. आणि ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वस्तूची कुळकथा. ती कोणाच्या घरीं होती, कोणाकडून कोणाकडे आली, कोणत्या जुन्या पत्रांत किंवा यादींत तिचा उल्लेख आहे, हें जिचें सांगतां येतें तीच वस्तु निःसंशय.

ह्या प्रश्नाचा दुसरा एक भाग भारताच्या अगदीं जवळ येऊन पोंचतो. शिकारीच्या वस्तूंबरोबरच संग्राहक नौकानयनाचीं जुनीं साधनेंही जमवितात, आणि त्यांच्या नकलांचें एक मोठें उगमस्थान भारतच आहे. उत्तराखंडांतील रूडकी येथें मोजणीचीं व आरेखनाचीं साधनें बनविण्याचा धंदा जुना आहे. तेथें आणि मुरादाबादेस पितळी होकायंत्रें, दुर्बिणी व सेक्स्टंट यांच्या शोभेच्या प्रतिकृति तयार होऊन परदेशीं जातात. शोभेची वस्तु म्हणून विकली तर तींत लबाडी कांहीं नाहीं. कारागिराचा तो प्रामाणिक उद्योग आहे. पण पुढें कोणी तिच्यावर आम्लाचा हात फिरवून, लंडनच्या जुन्या कारागिराचें नांव घालून, ती दीडशें वर्षांची म्हणून विकतो, तेव्हां ती लबाडी होते. मुंबईच्या चोरबाजारांत, मटण स्ट्रीटवर, अशा पितळेची चमक पाहून भुलणारे कमी नाहींत.

खरें साधन ओळखण्याची कसोटी मात्र सोपी आहे: खरें साधन काम करतें. जॉन हॅडली यानें १७३१ सालीं ज्या उपकरणाची रचना इंग्लंडांत मांडली, त्या ऑक्टंटनें, व त्याच्यापासून निघालेल्या सेक्स्टंटनें, मध्यान्हींच्या सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजून जहाजाचे अक्षांश काढीत. अंशाच्या साठाव्या भागाची चूक म्हणजे समुद्रावर एक सागरी मैलाची चूक. म्हणून ह्या साधनाच्या कमानीवरील खुणा अत्यंत बारीक व बिनचूक असत. जुन्या ऑक्टंटची चौकट पुष्कळदां आबनुसी लांकडाची व अंशपट्टी हस्तिदंताची असे. चांगल्या सेक्स्टंटच्या पितळी कमानींत चांदीची पट्टी बसवून तिच्यावर खुणा करीत. नकलेंत ह्याच खुणा ठळक, विरळ व वेड्यावांकड्या असतात; आरसे एकमेकांशीं जुळत नाहींत; दांडा सरकवून पाहिला तर कोन धड मोजला जात नाहीं. भावनगरजवळच्या आलंग येथें १९८३ पासून जहाजें मोडण्याचा प्रचंड उद्योग चालतो, आणि तेथील रस्त्याकडेच्या दुकानांतून जहाजांचे दिवे, होकायंत्रें, गलबतावरील भांडीकुंडीं विकावयास मांडलेलीं असतात. हा माल बहुधा खरा असतो, पण फारसा जुना नसतो. चोरबाजारांतील पुष्कळसा माल जुना दिसतो, पण खरा नसतो. ह्या दोहोंतील भेद कळणें हा संग्राहकाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा कायद्याचा, आणि तो केवळ भीतीपोटीं शिकावयाचा नव्हे. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगानें १९८२ सालीं व्यापारी शिकार थांबविण्याचें ठरविलें व १९८६ पासून तो निर्णय अमलांत आला. कांहीं थोड्या राष्ट्रांनीं तो मानला नाहीं, तरी संहाराचा वेग पुष्कळच मंदावला. अमेरिकेंत १९७० नंतरच्या कायद्यांनीं स्पर्म देवमाशाच्या दांतांचा व्यापार बंद झाला. शंभर वर्षांहून अधिक जुन्या वस्तूंना कांहीं सवलत आहे, पण वय सिद्ध करण्याचा भार वस्तु बाळगणारावर असतो. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें देवमाशाला संरक्षण आहे. स्पर्म देवमाशाच्या आंतड्यांत तयार होणारें अंबर, ज्याला वर्तमानपत्रें ‘देवमाशाची उलटी’ म्हणतात, तें विकूं पाहणारांना कोंकणांत व मुंबईपुण्यांत वेळोवेळीं अटक झाली आहे. १९७२ च्याच पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी वस्तु परवान्यावांचून देशाबाहेर नेतां येत नाहीं. १९१५ च्या जूनमध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, जून २०१५ मध्यें, अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारें ४२ फुटांचा एक निळा देवमासा जिवंत येऊन लागला व तेथेंच मेला. अशा जनावराचें एखादें हाड कोणी घरीं नेऊन ठेविलें तर तो संग्रह होत नाहीं, गुन्हा होतो. जुन्या दांताची खरेदी केल्यानें दोनशें वर्षांपूर्वी मेलेला देवमासा पुन्हां मरत नाहीं हें खरें. परंतु नवा दांत जुना म्हणून खपूं लागला, तर जिवंत देवमाशाच्या जिवाला पुन्हां किंमत येते. म्हणून वस्तूचें वय निश्चित करणें ही केवळ हौशी पारख राहत नाहीं. तिच्यावर एका प्राण्याचें जगणें अवलंबून असतें.

असें असतां ह्या वस्तु जपाव्या तरी कां, ह्याचें उत्तर दांतांपेक्षां एका साध्या कागदी वस्तूंत अधिक स्पष्ट मिळतें. प्रत्येक शिकारी जहाजावर एक रोजनामा लिहीत. त्यांत दिवसाचे अक्षांश-रेखांश, वाऱ्याची दिशा व जोर, आकाशाची स्थिति, आणि देवमासे दिसले कीं नाहीं, हें नोंदलेलें असे. मारलेल्या देवमाशासाठीं देवमाशाच्या आकाराचा एक लहान शिक्का उमटवून त्यांत तेलाचीं पिपें किती निघालीं तो आंकडा लिहीत. हातचा निसटला तर बहुधा नुसत्या शेपटीचा शिक्का मारीत. धंदा संपल्यावर ह्या रोजनाम्यांना कोणी विचारीना. कित्येकांचीं पानें मुलांनीं वर्तमानपत्रांतील कात्रणें चिकटविण्यासाठीं वापरलीं. पुढें किंमत आली तेव्हां दुसरें संकट आलें: शिक्के असलेलीं सुंदर पानें कापून, चौकटींत बसवून सुटीं विकण्याचा मोह.

जे रोजनामे ह्या दोन्हीं संकटांतून वांचले त्यांनीं काय दिलें तें पाहण्यासारखें आहे. न्यू यॉर्कच्या प्राणिसंस्थेंतील चार्ल्स टाउनसेंड यांनीं सोळाशेंहून अधिक सफरींचे रोजनामे तपासून सुमारें ५४ हजार देवमासे नेमके कोठें व कोणत्या महिन्यांत मारले गेले, तें १९३५ सालीं नकाशांवर दाखविलें. देवमाशांचे कळप पूर्वी कोठें वावरत, हें जाणण्यास आजही त्या नकाशांचा आधार घेतात. अलीकडे वूड्स होल येथील सागरसंशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञ त्याच रोजनाम्यांतून जुन्या वाऱ्यांच्या नोंदी काढून हवामानांत झालेला बदल तपासीत आहेत. कारण हीं जहाजें जेथें गेलीं तेथें त्या काळीं दुसरीं जहाजें क्वचितच जात. ज्या खलाशानें कंटाळून ‘वारा नैर्ऋत्येचा, मासा नाहीं’ अशा अर्थाची ओळ लिहिली, त्याला ती दीडशें वर्षांनीं कोणी वाचील असें स्वप्नांतही वाटलें नसेल. परंतु पान कापलें असतें तर ओळ राहिली असती आणि तिची तारीख गेली असती. आणि तारखेवांचून ती ओळ निरुपयोगी.

ह्यावरून संग्राहकाचीं कर्तव्यें आपोआप ठरतात. वस्तु हातीं येतांच ती कोठून, केव्हां, कोणाकडून व किती किंमतीस आली, तें लिहून वस्तूसोबत ठेवावें. विकणाराचें पत्र व पावती फाडूं नये. दांत पाण्यानें धुवूं नये व उन्हांत किंवा विजेच्या प्रखर दिव्याजवळ ठेवूं नये, कारण कोरडेपणानें त्याला चिरा पडतात. आमच्या कोंकणपट्टींतील दमट हवा व वातानुकूलित खोलींतील कोरडी हवा ह्यांत वरचेवर होणारी अदलाबदल तर त्याला सर्वांत वाईट. पितळेला घासून आरसा करूं नये; जुन्या साधनावर आलेली कळा ही त्याच्या वयाची साक्ष असते, आणि घासण्यांत कारागिराचें बारीक अक्षरांतील नांव पुसून जातें. पिळवटलेलें हार्पून सरळ करूं नये. जोडीनें किंवा पेटीनें मिळालेल्या वस्तु वेगळ्या करूं नयेत. आणि संशय फिटत नसेल तर वस्तु घेऊं नये, मग ती कितीही स्वस्त असो.

न्यू बेडफर्ड येथें १८४१ सालीं बांधलेलें ‘चार्ल्स मॉर्गन’ हें लांकडी जहाज आज जगांत शिल्लक असलेलें अशा प्रकारचें शेवटचें जहाज आहे. ऐंशी वर्षांत त्यानें शिकारीच्या ३७ सफरी केल्या. मोडींत जावयाचें तें कांहीं लोकांच्या आग्रहानें वांचलें, आणि १९४१ पासून कनेटिकटमधील मिस्टिक येथें जतन करून ठेविलें आहे. २०१४ सालीं, कित्येक वर्षांच्या दुरुस्तीनंतर, त्यानें अडतिसावी सफर केली. ह्या खेपेस होड्यांत हार्पून चालविणारे नव्हते. बॉस्टनजवळच्या राखीव सागरी प्रदेशांत जहाज नेलें, तेव्हां हंपबॅक जातीचे देवमासे त्याच्या आसपास वर आले, आणि डेकवरील माणसें त्यांना पाहत उभीं राहिलीं. त्या माणसांना आपण कशावर उभे आहोंत हें ठाऊक होतें, कारण जहाजाचे तक्ते, रोजनामे आणि त्यावरील खलाशांचीं नांवें कोणी तरी सांभाळून ठेविलीं होतीं.